यक्का कोसळल्याच्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की वाघोलीच्या बंगल्यासाठी आमच्या नर्सरीतून आठ फुटी दोन यक्का (शोभेची झाडं) नेले, 'पाणी कमी असलं तरी जगतो' असं आम्ही सांगितलं, आणि चार महिन्यांत एक कोसळला. फोन केलात तर 'तुम्हीच जास्त पाणी घातलं असेल' असं ऐकवून ठेवून दिला. 'महागाचं झाड विकून मोकळे होतात' हे वाक्य मनाला लागलं. म्हणून काल येऊन झाड पाहिलं, मगच लिहायला बसलोय.

आधी फोनचं. झाड न बघता असं बोलायला नको होतं. मनापासून माफी मागतो.

पडलेल्या झाडाचं खोड बुंध्याशी अंगठ्याने दाबलं तर पिकल्या पपईसारखं आत गेलं. मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल निघून येत होती. हातभर उकरलं तर पाऊस थांबून तीन आठवडे झाले तरी काळी माती चिकट ओली. म्हणजे झाड पाण्यानेच गेलं, पण दोष तुमचा नाही. काळ्या मातीत खड्डा घेऊन, लॉनच्या पातळीला, तेही ऐन जुलैत आमच्याच माणसांनी ते लावलं. तो खड्डा पावसाळाभर हौदासारखा भरून राहिला.

आणखी एक गोष्ट विकतानाच सांगायला हवी होती. हा यक्का मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. मुळं धरली की पुण्याचा एप्रिल-मे सहज काढतो. पण एवढी मोठी झाडं जाड खोड कापून रुजवलेली असतात. खोड जुनं, मुळं मात्र कोवळी. पहिलं वर्ष त्याला बेताचं पाणी आणि भरपूर निचरा, दोन्ही लागतं. झाडाची उंची बघून आम्हीही हे विसरतो, आणि हे मला खरंच खटकतं.

दुसऱ्या झाडाची खालची पानं पिवळी पडलीत, पण बुंधा टणक आहे, ते वाचेल. ते उचलून मुरूम आणि जाड वाळूच्या दीड फुटी उंचवट्यावर बसवू. पडलेल्याचा वरचा तीन फूट भाग निरोगी होता, तो तुमच्या परवानगीने कापून आणलाय. सावलीत काप सुकला की वाळूत लावतो. रुजला तर तो तुमचाच.

बदली झाड विनामूल्य देतो, पण फेब्रुवारीच्या शेवटी, म्हणजे पावसाआधी मुळं धरायला तीन महिने मिळतील. थांबायचं नसेल तर त्या झाडाचे पूर्ण पैसे परत.

शनिवारी सकाळी मुरूम घेऊन माणसं येतील, मीही असेन. तोवर त्या कोपऱ्यातला लॉनचा स्प्रिंकलर तेवढा बंद ठेवा, त्याचं पाणी रोज थेट बुंध्यावर पडतंय.