स्पोर्ट बाइकचं हँडल चार इंच वर: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पुण्यातल्या बाइकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: स्पोर्ट बाइकवर पाठ आणि मनगटं दुखत असतील तर हँडल तीन-चार इंच वर घ्या, दुखणं संपेल. काम पाऊण तासाचं, फक्त हँडल बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. गाडीच्या चालीत फरक पडत नाही, उलट कंट्रोल वाढतो. कंपन्या हँडल खाली ठेवतात ते केवळ दिसण्यासाठी. आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, हँडलची नोंदच नसते, म्हणून कायद्याचा प्रश्न येत नाही.

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ थोडी खरी आहे, म्हणूनच तिला उत्तर द्यावंसं वाटलं. हँडल वर घेण्याला माझा विरोध नाही. योग्य भाग वापरून, नीट तपासून इंचभर वर घेतलेलं हँडल अनेकांना मानवतं. माझा खरा आक्षेप ‘बाकी कशाला हात लावायचा नाही’ या वाक्याला आहे. सुरुवात तिथूनच करतो.

‘फक्त हँडल बदलायचं’

हँडलला काय काय जोडलेलं असतं ते आधी बघा. पुढच्या ब्रेकचा पाईप, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि दोन्ही बाजूंच्या स्विचच्या वायरी. या सगळ्यांची लांबी कंपनीने मूळ हँडलच्या उंचीला धरून ठरवलेली असते, थोडी ढील ठेवून. एक इंच वर गेलात तर ती ढील बहुतेक वेळा पुरते. चार इंचांना ती पुरत नाही.

आणि हे गाडी सरळ उभी असताना कळत नाही, हीच मोठी अडचण आहे. गॅरेजच्या दारात हँडल समोर धरलेलं असतं, सगळं ठीक दिसतं. मग पार्किंगमधून गाडी काढताना तुम्ही हँडल पूर्ण उजवीकडे किंवा डावीकडे वळवता आणि पाईप ताणला जातो. रोज ताणला गेला की तो टोकाच्या जोडापाशी थकतो. ॲक्सिलरेटर केबल ताणली गेली तर आणखी वाईट: यू-टर्न घेताना मूठ न पिळताच इंजिनाचे आरपीएम चढतात. कर्वे रोडवर बसच्या समोर वळताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. क्लच केबल तीव्र वळणातून गेली की क्लच जड होतो आणि केबलचे तंतू आतून एकेक करून तुटत जातात.

ब्रेकचा पाईप पुरत नाही म्हणून काही ठिकाणी मधे जोड देतात. ते कधीही करू देऊ नका. लांब पाईपच घ्यावा लागतो, आणि तो लावताना जोडाच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर नवी लागतात, ताजं ब्रेक ऑइल लागतं आणि पाईपमधली एअर पूर्ण काढावी लागते. ब्रेक ऑइलची डबी लिव्हरपाशीच असेल तर हँडलचा कोन बदलला की तीही तिरकी होते. ती गाडी सरळ उभी असताना सपाट राहायला हवी, नाहीतर ऑइल कमी झाल्यावर पाईपमध्ये हवा शिरायची वाट मोकळी होते. ब्रेक स्पंजासारखा दबायला लागला तर त्याचं कारण बहुतेक वेळा ही आत शिरलेली हवाच असते.

हँडल टाकीला किंवा फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला, लागतं का, हाही प्रश्न आहे. पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा सापडत असेल, तर ते हँडल त्या गाडीसाठी नाही.

राहिला पकडीचा भाग. स्पोर्ट बाइकचं दोन तुकड्यांचं क्लिप-ऑन हँडल फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, नळीला आवळून बसतं. नळीच्या जाडीचं माप तंतोतंत जुळायला हवं. नाना पेठेत ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं सांगून मिळणारे भाग मला याच कारणासाठी नको वाटतात. उलट्या फोर्कची, म्हणजे जाड नळी वरच्या बाजूला असलेल्या फोर्कची, बाहेरची नळी ॲल्युमिनियमची असते. बोल्ट जोर लावून पिळला तर ती दबते आणि फोर्क आत अडकत चालतो. म्हणून इथे अंदाजाने पाना मारणारा मेकॅनिक चालत नाही, ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरणाराच हवा. हे सगळं नीट करायचं तर अर्धा दिवस जातो. पाऊण तासात होतं ते फक्त हँडल बदलणं.

‘चालीत फरक पडत नाही, कंट्रोल वाढतो’

गर्दीत, कमी वेगात वाढतो. हे मान्यच. हँडल उंच आणि रुंद झालं की वळवायला जोर कमी लागतो, मान वर राहते, सिग्नलला गाड्यांच्या मधून काढणं सोपं जातं.

पण वेगात गणित फिरतं. खांदे मागे गेले की तुमच्या वजनाचा काही भाग पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर जातो आणि पुढचं चाक रस्त्याबद्दल कमी सांगायला लागतं. शिवाय स्पोर्ट बाइकची काच वाकून बसलेल्या माणसासाठी कापलेली असते. सरळ बसलात की छाती थेट वाऱ्यात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 40 वरून 80 वर गेलात तर तो चौपट होतो. तो दाब सोसायला माणूस नकळत हँडल ओढून धरतो. मग सातारा रस्त्यावर ट्रकला ओलांडताना येणारा झोत शरीरावर आदळतो आणि हातांतून सरळ स्टीअरिंगमध्ये उतरतो. गाडी डुलायला लागते, आणि माणूस घाबरून हँडल आणखी घट्ट धरतो, तशी ती जास्तच डुलते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे फोर्कच्या नळ्याच वर सरकवणं. वरच्या टीच्या, म्हणजे दोन्ही नळ्या धरणाऱ्या वरच्या पट्टीच्या, वर नळी थोडी बाहेर काढायची आणि त्या मोकळ्या भागावर हँडल आवळायचं. हँडल वर जातं, पण गाडीचं नाक खाली जातं. 1340 मिमी व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) गाडीत नळ्या 20 मिमी वर घेतल्या तर स्टीअरिंगचा कोन, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेपासूनचा कल, साधारण पाऊण अंशाने बदलतो आणि ट्रेलही, म्हणजे तो अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतरही, कमी होतो. गाडी चटकन वळते, पण सरळ रेषेत अस्वस्थ होते. पाऊण अंश म्हणजे किती, हे पुढच्या मुद्द्यात येतंच.

‘कंपन्या फक्त दिसण्यासाठी हँडल खाली ठेवतात’

याचं उत्तर चाकणला आहे. केटीएमच्या ड्यूक 390 आणि आरसी 390 या दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात. पहिल्या पिढीत दोघींचं इंजिन एकच होतं. एक उंच हँडलची, दुसरी वाकून चालवायची. हँडलची उंची केवळ दिखाव्याची बाब असती तर बाकीचं सगळं तसंच ठेवून काम भागलं असतं. पण त्या पिढीतल्या ड्यूकच्या स्टीअरिंगचा कोन 25 अंश आणि व्हीलबेस 1367 मिमी होता, तर आरसी 390 चा कोन 23.5 अंश आणि व्हीलबेस 1340 मिमी. दोन गाड्यांचा स्वभाव वेगळा करायला कारखान्याने दीड अंशाचा फरक केला. नळ्या वर सरकवून त्याच्या निम्मा फरक आपण गॅरेजच्या दारात, न मोजता करतो.

आणि जिथे आरामाची बसणूक हवी होती तिथे कंपन्यांनी क्लिप-ऑन वर ठेवलेलीच आहेत. पल्सर 220 किंवा आरएस 200 बघा.

‘आरसीवर नोंद नाही, म्हणून कायद्याचा प्रश्न नाही’

नोंद नसते, हे खरं. तेवढ्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र धाडसी आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाहनातल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. इंचभराच्या रायझरसाठी (हँडल वर उचलणारा जोडभाग) चौकात कोणी अडवेल असं मला वाटत नाही. पण गाडीचं मॉडेल विक्रीआधी आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं, आणि ती तपासणी कंपनीने बसवलेल्या ब्रेक पाईपसकट, कंपनीच्या रचनेची असते. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर चार इंची हँडल आणि जोड दिलेला पाईप बघून प्रश्न विचारणारच. तेव्हा तो मेसेज दाखवून उपयोग नाही.

‘दुखणं संपेल’

सगळ्यात जास्त लोक या एका वाक्यासाठी पैसे खर्च करतात, म्हणून यावर थोडं थांबतो.

वाकून बसल्यावर शरीराचं वजन सीट, पाय आणि हात यांच्यात वाटलं जातं. हायवेला वारा छातीला खालून आधार देतो आणि हातांवरचा भार हलका होतो. हिंजवडीहून संध्याकाळी निघून विद्यापीठ चौकापर्यंत रांगत येताना तो आधार नसतो. सगळा भार तळव्यांवर. म्हणून स्पोर्ट बाइक शहरात जास्त दुखते. इथपर्यंत मेसेजचं निदान बरोबर आहे.

आता हँडल चार इंच वर घ्या. हात मोकळे झाले, पण फुटरेस्ट मागेच राहिले. गुडघे तितकेच दुमडलेले, पाय मागे आणि धड सरळ. कमरेला आत बाक पडतो. हातांवरचा भार आता सीटवर येतो, आणि स्पोर्ट बाइकची सीट पातळ आणि कडक असते. खड्ड्याचा, गतिरोधकाचा दणका वाकलेल्या पाठीत थोडा पसरत होता, तो आता माकडहाडातून सरळ मणक्यात चढतो. मनगटाचं दुखणं गेलं आणि कमरेचं आलं, असं म्हणणारे लोक म्हणूनच भेटतात.

म्हणून आधी दुखतं कुठे ते शोधा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या कडेची नस दबते आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट मागे मोडलेलं राहतंय. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली फिरवले तरी फरक पडतो. त्याला पाना आणि पाच मिनिटं लागतात. बोटं आणि कोपर ते मनगट सरळ रेषेत यायला हवेत. मग गुडघ्यांनी टाकी धरून, कोपर सैल ठेवून आठवडाभर चालवून बघा. ताम्हिणीच्या उतारावर हे लगेच जाणवतं: टाकी धरलेली असेल तर ब्रेक मारताना सगळं वजन मनगटांवर येत नाही. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण, आपल्या वजनाला जुळवा, टायरमधली हवा तपासा.

एवढं करूनही मनगटं दुखत असतील तर त्याच गाडीसाठी बनवलेला इंचभराचा रायझर घ्या. गॅरेजमधून निघण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आरपीएम हलता कामा नयेत आणि एकही केबल किंवा पाईप ताठ होता कामा नये. चार इंच हवेच असतील तर तुम्हाला नेकेड, म्हणजे फेअरिंग नसलेली, उंच हँडलची गाडी हवी आहे. यामाहाची आर15 देऊन एमटी-15 किंवा केटीएमची आरसी 390 देऊन ड्यूक घेण्याचा हिशोब एकदा मांडून बघा. आणि कमरेतून कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर गाडीला हात न लावता आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.