व्याह्यांची पोस्ट आणि खापरपणजोबांचं कार्ड

आमचे व्याही जॉर्जियाचे. माणूस लाख. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद, अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेकडून लढलेल्या खापरपणजोबांचे कागद जमवायचे. परवा त्यांनी घरच्या ग्रुपवर तिकडे वर्षानुवर्षं फिरणारी एक पोस्ट टाकली. सार असं : युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, राज्यांच्या हक्कांसाठी होतं, साध्या शिपायाकडे गुलाम नव्हते, हजारो काळे लोकही दक्षिणेसाठी लढले, आणि दोन्हीकडचे लोक एकाच देवाचे भक्त, तेव्हा पापपुण्याचा हिशेब आपण कशाला मांडा?

व्याह्यांशी वाद घालू नये म्हणतात. पण राहवलं नाही.

आधी राज्यांचे हक्क. दक्षिण कॅरोलिना राज्याने डिसेंबर १८६०मध्ये अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघताना कारणं लेखी दिली. त्यातली मोठी तक्रार ही, की उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, उलट त्याविरुद्ध स्वतःचे कायदे करतात. म्हणजे राग होता तो उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला याचा! मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आपली बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं सरळ लिहून टाकलं.

शिपायाकडे गुलाम नव्हते, हे बऱ्याच अंशी खरं. विशीतल्या पोराच्या नावावर काय असणार? सातबारा बापाच्या नावावर आहे म्हणून आपण मुलाला भूमिहीन म्हणत नाही. १८६०च्या जनगणनेनुसार फुटलेल्या राज्यांत साधारण तीनातल्या एका कुटुंबाकडे गुलाम होते, मिसिसिपीत जवळपास निम्म्यांकडे.

काळ्या सैनिकांचं थोडक्यात सांगतो. त्यांना भरती करायचा कायदा दक्षिणेने केला १३ मार्च १८६५ला, आणि दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले ९ एप्रिलला. त्याआधी छावणीत होते ते खंदक खणणारे, धन्याची भांडी घासणारे गुलाम. उत्तरेच्या लष्करात मात्र सुमारे १,७९,००० काळे सैनिक होते.

राहिला देव. इथे व्याह्यांना दुखेल, कारण ते सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. त्यांचा पंथ १८४५ साली त्यांच्याच जॉर्जियात, ऑगस्टा गावी, वेगळा झाला. कारण? गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो का, यावरून उत्तरेशी भांडण. दक्षिणेतले पाद्री गुलामगिरीला बायबलचा आधार काढून देत होते. १९९५ साली याच पंथाने ठराव करून माफी मागितली. हिशेब पंथानेच मांडला, मी नाही. ‘दोघे एकच बायबल वाचतात’ हे लिंकनचं वाक्य या वादात हमखास येतं. ४ मार्च १८६५च्या त्याच भाषणात ते पुढे म्हणतात, की दुसऱ्याच्या घामातून आपली भाकरी काढायला न्यायी देवाची मदत मागण्याचं धाडस कुणी करावं, हे नवलच. आपण न्याय करू नये, असंही ते लगेच म्हणतात. पण देवाचीच इच्छा असेल तर चाबकाने सांडलेल्या रक्ताची फेड तलवारीने होईल, हेही तिथेच आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्यांना. देव दोन्हीकडचा म्हणून बाजू सारखी, असं काही त्यांना वाटलं नव्हतं.

खापरपणजोबांचं लष्करी नोंदीचं कार्ड व्याह्यांनी मला मागे दाखवलं होतं. नॅशनल आर्काइव्ह्जमधलं, हजेरीपटावरून उतरवलेलं : नाव, कंपनी, हजर. ते का लढले, हे कार्डावर नाही. उत्तर म्हणून मी त्यांना त्यांच्याच काउंटीतलं १८६०च्या गुलाम-गणनेचं एक पान पाठवलं. मालकाचं नाव आहे. खाली ओळीने वय, लिंग, वर्ण. नावाचा रकाना गुलामांसाठी नाहीच. या माणसांचे पणतूही आज पूर्वज शोधतात; त्यांतल्या बहुतेकांना जनगणनेत नाव सापडतं ते थेट १८७० साली.

व्याह्यांच्या निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.