दम लागतो म्हणजे जीन्स खराब, असं कोण म्हणालं?

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्याचा आशय असा : पाचातल्या एकाच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियांवर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भागांवर) व्यायामाचा काहीच परिणाम होत नाही, हा दोष आईकडून येतो, म्हणून आधी डीएनए टेस्ट करा आणि मगच पळायचं का ते ठरवा. आमच्या सकाळच्या ग्रुपातल्या एका काकूंनी तो वाचला. "तीन महिने चालतेय, तरी जिना चढताना धाप लागते. माझ्यात ते नसेलच गं," म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

माणसामाणसांत फरक असतो, हे अगदी खरं. 1990च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात क्लॉड बुशार्ड यांच्या नेतृत्वाखाली 'हेरिटेज' नावाचा मोठा अभ्यास झाला. व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांकडून 20 आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकल मारून घेतली. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, सरासरी मिनिटाला 400 मिलिलिटरने वाढला. काहींचा जवळपास हललाच नाही, तर काहींचा एक लिटरहून जास्त वाढला. या फरकातला जास्तीत जास्त 47 टक्के वाटा आनुवंशिक असावा, असा अंदाज निघाला. पण हा आकडा सगळ्या गटातल्या फरकाबद्दल आहे. एकट्या काकूंचं 47 टक्के भवितव्य ठरलेलं आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

मेसेजची खरी गफलत पुढे आहे : हे फरक व्हीओटू मॅक्समधले, आणि मेसेज बोलतो मायटोकाँड्रियांबद्दल. व्हीओटू मॅक्स मोजतात कसा? नाकाला चिमटा, तोंडात नळी, पायाखाली पेडल, आणि दर थोड्या वेळाने वाढणारा भार, पाय थांबेपर्यंत. मोजली जाते ती श्वासातली हवा. हा आकडा मुख्यतः हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलतं यावर ठरतो. मायटोकाँड्रिया बघायचे तर मांडीच्या स्नायूचा तुकडा सुईने काढावा लागतो. तेव्हा श्वासाच्या आकड्यावरून "मायटोकाँड्रिया ढिम्म आहेत" म्हणणं म्हणजे नळाला पाणी कमी आलं म्हणून टाकी न बघताच तिला दोष देणं. शिवाय हाच आकडा एकाच माणसात दोन वेगळ्या दिवशी थोडा वेगळा येतो.

स्नायूला काम पडलं की मायटोकाँड्रिया वाढतात, हे जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये पट्ट्यावर पळवलेल्या उंदरांत दाखवलं : त्यांच्यातली ऊर्जा बनवणारी एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली होती. माणसातही हे घडतं. पीजीसी-1 अल्फा हे प्रथिन नव्या मायटोकाँड्रियांच्या जुळणीचा मुकादम. त्याच्या जीनचे प्रकार वेगवेगळे असतात आणि कुणाला फायदा थोडा कमी मिळतही असेल. थोडा कमी म्हणजे शून्य नाही.

"आईकडून येतो" हे अर्धंच खरं. मायटोकाँड्रियांचा स्वतःचा डीएनए आईकडूनच मिळतो, पण त्यात जीन्स फक्त 37, आणि त्यांतून बनतात 13 प्रथिनं. मायटोकाँड्रियाला लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं पेशीकेंद्रातल्या जीन्सवरून येतात, आणि ते आईबाबा दोघांचे.

आता काकूंच्या कामाची गोष्ट. हेरिटेजमध्ये सगळ्यांना व्यायामाचा डोस एकच होता. 2017 मध्ये मोंतेरो आणि लुंडबी यांनी 78 निरोगी माणसांचे पाच गट केले, आठवड्याला एक ते पाच वेळा तासभर सायकल. सहा आठवड्यांनी, एकदाच करणाऱ्यांत 69 टक्क्यांची क्षमता वाढली नव्हती. दोनदावाल्यांत 40, तीनदावाल्यांत 29. चार-पाच वेळा करणाऱ्यांत असं कुणीच उरलं नाही. मग मागे राहिलेल्यांना आठवड्याला दोन तास वाढवून दिले, आणि सहा आठवड्यांत त्यांचीही क्षमता वाढली.

आणि डीएनए टेस्ट? 2015 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट लिहिलं की कुणाला कोणता व्यायाम द्यावा हे ठरवायला अशा बाजारी टेस्टचा उपयोग नाही. ते पैसे चांगल्या बुटांवर घाला.

काकू आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, गप्पा मारत चालायच्या. परवा त्यांच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. आता चार दिवस, चाळीस मिनिटं, त्यांतले दोन दिवस टेकडीचा चढ, असं ठरलंय. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्या नाडी मोजून कॅलेंडरवर लिहिणार आहेत. पहिला आकडा लिहून झालाय.