नंबरी छंद

सिग्नलला थांबलेल्या माणसाच्या नंबरप्लेटचा फोटो काढून बघा एकदा. मी गेली सहा वर्षं काढते आहे. एवढ्या काळात लोकांनी मला साध्या वेशातली वाहतूक पोलीस समजून झालं, फायनान्सवाल्यांची वसुलीबाई समजून झालं, आणि एका गृहस्थांनी तर "तिने पाठवलंय ना तुम्हाला?" असं विचारून स्वतःचंच बिंग फोडलं. खेळाच्या वेडापायी गाडीला ठरावीक नंबर घेणाऱ्यांच्या प्लेटचे फोटो एखादी बाई जमवत असेल, असं मात्र आजवर एकाच्याही मनात आलेलं नाही.

हा छंद भाच्यामुळे लागला. तो अमेरिकेत असतो. तिकडे जास्तीचे पैसे भरले की प्लेटवर हवी ती अक्षरं मिळतात, बऱ्याच राज्यांत सातपर्यंत. त्यामुळे तिकडचा चाहता आपल्या संघाचं नाव सरळ प्लेटवर लिहून मोकळा होतो. भाचा असे फोटो पाठवायचा आणि मी म्हणायचे, यात काय मोठंसं, आपल्याकडेही मिळतील. मिळतात. पण आपल्या हातात फक्त शेवटचे चार आकडे. बाकी सगळं आरटीओचं. चार आकड्यांत माणूस भक्ती मावेल तेवढी कोंबतो, आणि ती भक्ती नेमकी कुणाची हे शोधण्यात माझी सहा वर्षं गेली.

पहिला फोटो ००१८ चा. कोहलीच्या जर्सीचा नंबर! मी हरखून मोबाइल वर केला. पुढच्या पोराने आधी स्वतःच्या उघड्या डोक्यावर हात ठेवला, मग वाकून प्लेटवर.

"काकू, पेपर आहे हो. जाऊ द्या ना आजच्या दिवस."

"अरे, पावती फाडत नाहीये मी. अठरा नंबर दिसला म्हणून. कोहली ना?"

"नाही काकू, पप्पांचे ज्योतिषी. एक अधिक आठ नऊ. नऊ आम्हाला लाभतो."

मग ००४५ दिसला. रोहित शर्मा, शंकाच नाही. गाडीचे मालक म्हणाले, "चार अधिक पाच?" आणि परीक्षकासारखे माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. भारतीय क्रिकेटच्या दोन बड्या फलंदाजांनी नऊच बेरजेचे नंबर घ्यावेत, हा माझ्यावर वैयक्तिक अन्याय आहे. निम्मा महाराष्ट्र नऊच्या मागे लागलेला असताना त्यातून चाहते निवडायचे म्हणजे तांदळातून पांढरे खडे वेचण्यापैकी.

००१० ची वेगळीच तऱ्हा. दहा म्हणजे सचिन, हे माझं गणित कोल्हापुरात पार झोपलं. तिथे फुटबॉल घरोघरी. मी "सचिन का?" म्हटल्यावर त्या तरुणाने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. "मेस्सी," तो म्हणाला. त्याच्या मागे बसलेले वडील म्हणाले, "मॅराडोना." सिग्नल सुटला तरी वाद चालू होता. ०००७ वर धोनी आणि रोनाल्डो दोघांचाही हक्क, शिवाय सात तारखेला जन्मलेले सगळे.

शेवटी मी पुराव्याचा कायदा केला. नुसता नंबर ग्राह्य धरायचा नाही, सोबत एक तरी साक्षीदार हवा: मागच्या काचेवर चेन्नई संघाचा पिवळा सिंह, डिकीवर बॅटचं रेडियम, आरशाला लटकलेला चिमुकला ग्लोव्ह. या कायद्याने संग्रह एका रात्रीत दोनशे फोटोंवरून एकतीसवर आला. नवऱ्याला भयंकर आनंद झाला.

जिल्ह्यांचे आकडे मी मोजतच नाही, नाहीतर मजा आहे. एमएच ०७ सिंधुदुर्ग, म्हणजे सगळा जिल्हा धोनीचा. १० सांगली, १८ धुळे, आणि अकलूजला ४५. आता सांगलीची स्मृती मानधना अठरा नंबर घालते, तेव्हा तिला धुळ्याची म्हणायचं की काय? यावर विचार करत असताना एकदा माझा बसस्टॉप गेला.

दहा नंबरावरून लोक किती हळवे असतात ते शार्दूल ठाकूरला विचारा. २०१७ मध्ये श्रीलंकेत तो दहाची जर्सी घालून उतरला आणि लोकांनी असा गहजब केला की बिचाऱ्याने पुढे चोपन्न घेतला. मग बोर्डाने दहा कुणाला द्यायचाच बंद केला, पुढे धोनीचा सातही. आरटीओला या भावनांचं सोयरसुतक नाही. एक मालिका भरली, नवी अक्षरं लागली, की दहा आणि सात पुन्हा खिडकीवर हजर. शेवटी फी महत्त्वाची. २०२४ मध्ये ती वाढल्यापासून चारचाकीला नुसत्या ०००१ साठी पाच लाख लागतात, मुंबई-पुण्यात सहा. तेवढ्यात आमची अख्खी गाडी आली होती. तिचा नंबर काय, ते मला अजून पाठ नाही.

मनाला सगळ्यात लागलेला प्रसंग ४१४१ चा. ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते: इंग्रजी चार आणि एक असे दोनदा लिहायचे, रेडियमवाल्याकडून वर एक रेघ ओढून घ्यायची, की 'दादा' होतं. तसंच ८०५५ चं इंग्रजीत बॉस होतं आणि ४९१२ चं पवार. पण माझ्या पिढीला दादा एकच, लॉर्ड्सच्या गॅलरीत शर्ट काढून फिरवणारा सौरव गांगुली. भली थोरली काळी गाडी, वर पांढरंशुभ्र 'दादा'. मी धावत जाऊन विचारलं, "सौरवचे फॅन का?"

काच अर्धी खाली आली. "कोण सौरव? कुठल्या वॉर्डातला?"

आता असे दादाही दुर्मीळ होत चाललेत. प्लेटवर नक्षीकाम करणं नियमात कधीच बसत नव्हतं, पण २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षेची प्लेट आली, आणि मग जुन्यांच्याही मागे सरकार लागलं. अ‍ॅल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, आणि तोडल्याशिवाय निघणार नाही असं कुलूप. मुदत वाढत वाढत गेली, तरी एकेक दादा रांगेत उभा राहून साधा ४१४१ होऊन परतला. माझ्याकडचे जुने फोटो हे आता पुरातत्त्व खात्याचं काम आहे, असं मी घरी सांगते. घरी कुणी ऐकत नाही.

माझ्या संग्रहात एक जागा मात्र सहा वर्षं रिकामी होती. एकोणीस, द्रविडचा. २०१२ मध्ये तो निवृत्त झाला तरी मी द्रविडवालीच आहे, एवढं सांगितलं की पुरे. सात मिळाले, दहा मिळाले, युवराजचा बारासुद्धा मिळाला, पण ००१९ कुठे दिसेना. हळूहळू उलगडा झाला. सांगाल त्या क्रमांकावर खेळणाऱ्या, गरज पडली तर यष्टीमागेही उभं राहणाऱ्या माणसाचे चाहते जास्तीची फी भरून नंबर मागतील कशाला? मिळेल तो घेतील आणि घरी जातील.

आणि परवा एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या आवारात दिसला. जुनी करडी गाडी, धुतलेली, दोन रेघांच्या बरोबर मध्ये लावलेली. ००१९. काचेवर स्टिकर नाही, आरशाला काही लटकलेलं नाही. साक्षीदार शून्य. मी मालकांची वाट बघत उभी राहिले. पहिली पंगत बसली, उठली. नवरा मठ्ठ्याचा पेला घेऊन आला, माझं तोंड बघून तोच पिऊन परत गेला. पाऊण तासाने साठीचे एक गृहस्थ आले.

"हा एकोणीस तुम्ही मागून घेतलात का हो?"

"नाही. आरटीओने दिला."

संपलं. तरी राहवेना म्हणून विचारलं, "क्रिकेट बघता?"

"बघायचो," त्यांनी किल्ली खिशातून काढली, "२०१२ पर्यंत."

ते आत बसले, पट्टा लावला, आणि त्या रिकाम्या आवारातून बाहेर पडतानासुद्धा त्यांनी इंडिकेटर दिला. फोटोत तो पेटलेलाच आलाय.