औंध म्हणजे पुण्यातलं नव्हे

आज ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं, "मॅम, गाव कुठलं तुमचं?" म्हटलं, औंध. "अय्या, मग इथलंच की!" मी सांगितलं, ते नव्हे गं, सातारा जिल्हा, खटाव तालुका, संस्थानी औंध. त्यावर शेजारचे एक सर म्हणाले, "हां, ते यमाईचं. देऊळ सोडून तिथं आहे काय?"

दुपारपासून ते 'आहे काय' टोचतंय.

आमचं मूळ खेडं औंधपासून चार मैलांवर, पण बाजार औंधचा, पौषातली यात्रा औंधची, म्हणून आम्ही औंधचेच. माझे पणजोबा संस्थानाच्या राज्यात गावचे पंच होते. आजी सांगायची, "मामंजींना पंच केलं तवा सही येत न्हवती. अंगठा उठवायची लाज वाटायची. मग चुलीतला कोळसा घेऊन पडवीची भिंत नाव लिवून लिवून काळी केली."

हे साल १९३९ चं. देशावर इंग्रज होता, आणि इथं भवानराव पंतप्रतिनिधी नावाचा राजा स्वतःहून कारभार रयतेच्या हाती देत होता! राजपुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर यासाठी झटले, राज्यघटनेला सल्ला खुद्द गांधीजींचा. उणीपुरी ७२ गावं, तीही एका जागी नाहीत. औंध इथं, कुंडल तिकडं, आटपाडी आणखी लांब, गुणदाळ तर विजापूरकडं. गावानं पंच निवडायचे, पंचांमधून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ. खालून वर. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतीविना कैदी ठेवले, शेती करायला लावली. आणि आम्हाला विचारतात, आहे काय!

किर्लोस्करवाडी उभी राहिली ती जमीन याच राजाची. औंधच्या डोंगरावरच्या संग्रहालयात रविवर्म्याची सैरंध्री आहे, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे. गवई अंतूबुवा जोशींनी १९४० साली सुरू केलेल्या संगीत महोत्सवात आश्विन वद्य पंचमीला आजही गाणं होतं. दुसऱ्या कुठल्या गावात यातलं एक जरी असतं तरी कमानी उभारल्या असत्या.

मान्य आहे, हे सगळं नऊ वर्षं टिकलं. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. आणि चावडीत घोंगडीवर कोण बसायचं अन् बाहेर उन्हात कोण उभं राहायचं, हेही आजीनंच सांगितलंय. तेही लपवणार नाही.

पण चाळिशी उलटलेला, औतामागं चालून पाय फुटलेला माणूस रात्री चिमणीच्या उजेडात आपलं नाव गिरवतो, कारण उद्या गावाच्या कागदावर त्याला सही करायचीय. हे मला विसरता येत नाही. गेल्या वेळी गावी गेले तेव्हा ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली होती. लोक घरात होते. शिकलेले होते, सगळ्यांना सही येत होती. घसा कोरडा पडेपर्यंत भांडले मी चुलत्यांशी. ते म्हणाले, "तू पुण्यात राहून आम्हाला शिकवू नगंस." खरंय. गाव सोडून मीच गेले, मग बोलायचा हक्क तेवढाच उरतो.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. माझ्या मुलीला तरी मी कधी नीट सांगितलंय?

आजी दर दिवाळीला घराला चुना द्यायची, पण पडवीच्या त्या कोपऱ्याला हात लावायची नाही. लहानपणी आम्ही तिथं बोट फिरवून वाचायचो. अक्षरं वाकडी, पहिलं नाव मोठं, आडनावाला जागा पुरलेली नाही. पुढं चुलत्यांनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा ती भिंत पाडली. कुणी फोटोसुद्धा काढला नाही, मीसुद्धा नाही.

ऑफिसातून निघताना त्या मुलीला म्हटलं, पौषात यात्रेला चल माझ्याबरोबर. "येते की," म्हणाली. तिकडून स्वतंत्रपूरलाही नेणार आहे तिला, आणि माझ्या लेकीलाही.