क्यूबच्या चाली रंगांनी का लिहीत नाहीत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डिचोलीहून इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. क्यूब रुबिक यांनी बनवला असताना मी आधीच्या लेखात चालींच्या खुणा रूढ करणाऱ्या सिंगमास्टर यांना डोक्यावर घेतलं, असं तुमचं म्हणणं. शिवाय ‘पांढरी बाजू फिरव’ असं सोपं सांगता येत असताना मराठी शाळेतल्या मुलांकडून आर (राइट, उजवी बाजू), यू (अप, वरची), एफ (फ्रंट, समोरची) अशा इंग्रजी अक्षरांची घोकंपट्टी कशाला, असंही तुम्ही विचारता.

१९७४ साली बुडापेस्टमध्ये क्यूब घडवला तो एर्नो रुबिक यांनीच, त्यात वाद नाही. डेव्हिड सिंगमास्टर लंडनमध्ये गणित शिकवायचे. १९७८च्या हेलसिंकीतल्या गणित परिषदेत त्यांची क्यूबशी गाठ पडली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पुस्तिकेतून ही खुणांची पद्धत पसरली. मी श्रेय दिलं ते त्या पद्धतीचं.

रंगांचं मात्र मला पटत नाही. आजच्या नेहमीच्या क्यूबवर पांढऱ्याच्या विरुद्ध बाजूला पिवळा असतो. जुन्या जपानी क्यूबवर तिथे निळा असायचा. ते सोडा. शेवटचा थर लावताना तीच चाल कधी लाल बाजू समोर धरून करावी लागते, कधी हिरवी. रंगांनी लिहिली तर चार बाजूंसाठी चार वेळा लिहा! आर म्हणजे उजव्या हाताची बाजू, मग रंग कुठलाही असो. तळाला ‘बॉटम’ न म्हणता ‘डाउन’ म्हटलं, तेही ‘बॅक’च्या बीशी घोळ होऊ नये म्हणून.

चवथीला घरी जमलेल्या पोरांना शिकवताना बघते, ती अक्षरांपाशी अडतच नाहीत, दिशेपाशी अडतात. जी बाजू फिरवायची तिच्याकडे सरळ बघून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायची. त्यामुळे आर केला की समोरचा उजवा पट्टा वर जातो, एल केला की डावा खाली येतो. इथे थोडा वेळ द्यावा लागतो, बस्स.

आणि घोकंपट्टी? आर, यू, आर प्राइम, यू प्राइम (प्राइम म्हणजे तीच बाजू उलट दिशेने) ही चाल ओळीने सहा वेळा करा, क्यूब होता तसा. आता नुसतं आर, यू करत राहा. जुळलेला क्यूब परत जुळायला तीच जोडी १०५ वेळा करावी लागते! असं का, हे शोधायला मुलं कागद घेऊन एकेक तुकडा कुठून कुठे जातो ते मांडायला लागतात. खुणा नसत्या तर काय मांडणार होती?

उजवीला उ, डावीला ड लिहून शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, माझी काहीच हरकत नाही. फक्त स्पर्धेतला स्क्रॅम्बल, म्हणजे क्यूब विस्कटायच्या चालींची ओळ, आर-यू-एफ अशा अक्षरांतच येतो, तेव्हा तीही ओळख करून द्या.