नकार चालेल, पण कळवा तरी

मुलाखतीत नापास होणं चालायचंच. त्यासाठी कोणी एवढी मोठी पोस्ट लिहीत नाही. पण एका बड्या टेक कंपनीच्या सगळ्या फेऱ्या पार करूनही मी आज तिथे नाही, आणि का नाही हे सांगायची तसदी कोणी घेतलेली नाही. याचा मला मनापासून राग आलाय.

अर्ज मी केला नव्हता. लिंक्डइनवर त्यांच्याच रिक्रूटरने गाठलं. पहिल्याच फोनवर सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) किती, सॅलरी स्लिप पाठवा. मग ऑनलाइन टेस्ट, कोडिंगच्या फेऱ्या, सिस्टिम डिझाइन, मॅनेजर. इतकी वर्षं पेमेंटची सिस्टिम सांभाळतोय, मध्यरात्री व्यवहार अडकले की काय करायचं ते अंगवळणी पडलंय. त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. एका फेरीत समोरच्याचा कॅमेरा बंद. एडिटर असा की कोड रन करून बघायची सोयच नाही. विचार कसा करतो ते कळावं म्हणून मी मोठ्याने बोलत लिहितोय आणि पलीकडून नुसती कीबोर्डची टकटक. माझ्याबद्दल नोट्स घेत होता की स्वतःचे मेल उरकत होता, देव जाणे.

हे दुखणं जुनं आहे. मॅकवर सॉफ्टवेअर टाकायला लाखो डेव्हलपर वापरतात ते 'होमब्रू' लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने 2015 मध्ये ट्विट केलं होतं, की बायनरी ट्री उलटा करता आला नाही (मुलाखतीतलं एक ठरलेलं पुस्तकी कोडं) म्हणून गूगलने त्याला नाकारलं. त्याच गूगलने स्वतःचा डेटा तपासला तेव्हा दिसलं, की चार मुलाखतींनंतर उमेदवार कसा निघेल या अंदाजात फारशी भर पडत नाही. तरी बाकीच्या कंपन्या सहा-सहा, सात-सात फेऱ्या घेतातच!

खरा छळ पुढेच होता. "भरती ठरवणाऱ्या कमिटीचा होकार आहे, आता टीम मिळाली की ऑफर," असा फोन आला. घरी पेढे आले. हातात दुसरी ऑफरही होती. तिथल्या एचआरने मुदत वाढवून दिली, पण आपल्याकडे नोटीस पीरियडच 90 दिवसांचा, ते तरी किती थांबणार? ती जागा गेली. इकडे मात्र 'या आठवड्यात कळवते', मग 'पुढच्या आठवड्यात', मग काहीच नाही. शेवटी माझ्या मेलला ऑटो-रिप्लाय आला, की त्या रिक्रूटर आता कंपनीत नाहीत. त्यांची बिचारीचीच नोकरी गेली असेल, त्यांच्यावर राग नाही. पोर्टलवर माझा अर्ज अजून 'विचाराधीन' आहे.

माझ्या लिंक्डइनच्या यादीत एचआरमधली बरीच मंडळी आहेत, त्यांना कळकळीने सांगतो. भरती थांबली असेल तर तसा दोन ओळींचा मेल टाका. माणूस त्या भरवशावर राजीनामा, घरभाडं, मुलांची शाळा ठरवत असतो. आणि जागा खरोखर मंजूर आहे की नाही, हे सॅलरी स्लिप मागायच्या आधी सांगा.